कॉलेजातच 5 दिवसांचा प्राध्यापक विकास कार्यक्रम घ्यायचा आहे. कॅसला (प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेला) चालेल आणि वर्गातही उतरेल असा कसा आखावा?

रंगावली_काठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

नंदुरबार जिल्ह्यातलं अनुदानित महाविद्यालय, कला-वाणिज्य-विज्ञान तिन्ही शाखा. शिकवणारे 28 जण, त्यातले 12 पूर्णवेळ मान्यताप्राप्त आणि 16 तासिका तत्त्वावर. आयक्यूएसीचं (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) काम यंदा माझ्याकडे आलं आहे आणि प्राचार्यांनी पाच दिवसांचा एफडीपी (प्राध्यापक विकास कार्यक्रम) घ्यायला सांगितला आहे.

नेहमीचा साचा माहीत आहे: उद्घाटन, रोज चार व्याख्याते, रोज चार पीपीटी, शेवटी समारोप आणि प्रमाणपत्र. तसला कार्यक्रम मला करायचा नाही. पाच दिवस माणसं बसणार असतील तर त्यांच्या शिकवण्यात काही तरी बदललं पाहिजे. पण पूर्णवेळ सहकाऱ्यांना कॅससाठी प्रमाणपत्रही उपयोगी पडलं पाहिजे, म्हणून कागदाची बाजू कच्ची ठेवून चालणार नाही.

विचारायचं आहे ते असं. पाच दिवसांचा कार्यक्रम कॅसमध्ये नेमका कुठे मोजला जातो? सूक्ष्मअध्यापन (छोट्या गटासमोर काही मिनिटांचा सरावपाठ) घ्यायचं मनात आहे, पण 24-25 जणांचं एका दिवसात कसं बसवायचं? प्रश्नपत्रिका काढण्यावर एक दिवस द्यावा का? आणि आठवडा कोणता निवडावा? मे महिना मोकळा दिसतो म्हणून तोच धरावा असं काहींचं म्हणणं आहे. विद्यार्थी बहुतांश भिल, पावरा, मावची आणि अहिराणी बोलणाऱ्या घरांतले आहेत, तेही लक्षात घ्यावं.

---

गिरणा_खोरे

आधी कागद, कारण तिथे चूक झाली की पुढचं सगळं चांगलं असूनही माणसाचं नुकसान होतं.

सध्या आधार यूजीसीच्या 18 जुलै 2018 च्या नियमावलीचा. राज्यात ती 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने आली. महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकाला लेव्हल 10 वरून 11 वर, म्हणजे पुढच्या वेतनस्तरावर, जाताना पीएच.डी. असेल तर 4 वर्षं, एम.फिल. किंवा एलएलएम-एम.टेक.सारखी पदवी असेल तर 5, नाही तर 6 वर्षं सेवा लागते. त्यात 21 दिवसांचा ओरिएंटेशन (अध्यापन पद्धतीचा) कोर्स हवाच. यूजीसीचा महिनाभराचा फॅकल्टी इंडक्शन प्रोग्राम केला असेल तर तो त्या जागी धरतात. शिवाय आणखी एक गोष्ट: एक रिफ्रेशर (उजळणी) किंवा संशोधन पद्धतीचा कोर्स, नाही तर किमान 5 दिवसांचे दोन कार्यक्रम, नाही तर प्रमाणपत्रासह एक मूक (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन) कोर्स किंवा चार चतुर्थांशांतली (चित्रफीत, वाचनसामग्री, स्वयंचाचणी, चर्चा) ई-सामग्री. म्हणजे तुमचा कार्यक्रम या टप्प्यावर 'दोनपैकी एक' म्हणून मोजला जाईल. ओरिएंटेशनची जागा तो कधीच भरत नाही. हे पहिल्याच सूचनापत्रात स्पष्ट लिहा, कारण नवे लोक हमखास इथे गल्लत करतात.

11 वरून 12 ला हिशेब बदलतो. 5 वर्षांत दोन गोष्टी हव्यात आणि कोर्स असेल तर तो किमान दोन आठवड्यांचा, म्हणजे 10 दिवसांचा. 5 दिवसांचे दोन कार्यक्रम मिळून असा एक कोर्स होतो. 12 वरून 13ए ला 3 वर्षांत असा एक, आणि पीएच.डी. सक्तीची. तेव्हा वरच्या टप्प्यांवरच्या ज्येष्ठांसाठी तुमचे पाच दिवस म्हणजे अर्धा कोर्स. जमलं तर सहा महिन्यांनी याचाच दुसरा भाग आखा, म्हणजे त्यांचंही पूर्ण होईल.

आता कुठे अडतं ते सांगतो.

तारीख. समजा 1 जुलै 2019 ला रुजू झालेल्या, पीएच.डी. नसलेल्या माणसाची सहा वर्षं 30 जून 2025 ला भरली. त्याचा शेवटचा कार्यक्रम सोमवारी 30 जूनला सुरू होऊन शुक्रवारी 4 जुलैला संपला असेल, तर सगळ्या अटी 4 जुलैलाच पूर्ण झाल्या आणि पदोन्नती त्या तारखेपासून. वेतनवाढीच्या तारखा 1 जुलै आणि 1 जानेवारी असल्यामुळे चार दिवसांचा उशीर सहा महिन्यांना पडू शकतो. म्हणून आठवडा ठरवण्याआधी बाराही जणांच्या देय तारखा एका कागदावर मांडा.

हजेरीपट. प्रमाणपत्र म्हणतं की 10.30 ते 5.30 कार्यक्रमात होते, आणि मस्टर किंवा तासिकांची डायरी म्हणते की त्याच दिवशी 12 वाजता एस.वाय.चा (द्वितीय वर्षाचा) तास घेतला. छाननी समितीसमोर हे दोन कागद शेजारी आले की प्रमाणपत्र संशयात जातं. कॉलेजातच कार्यक्रम असला तरी प्राचार्यांचा कार्यालयीन आदेश काढा आणि त्या वेळात सहभागींना तास लावू नका.

दिवस. आठवड्यातून एक तास याप्रमाणे पाच आठवडे चालवलेली व्याख्यानमाला म्हणजे 5 दिवसांचा कार्यक्रम नव्हे. सलग पाच दिवस, रोज 6 तास, एकूण 30 तास, आणि हे तिन्ही आकडे प्रमाणपत्रावर छापा. सोबत तारखा, माध्यम (प्रत्यक्ष की ऑनलाइन), जावक क्रमांक, आयक्यूएसी समन्वयक आणि प्राचार्य यांच्या सह्या. शक्य तर विद्यापीठाला आधी पत्र देऊन संयुक्त आयोजन किंवा लेखी मान्यता घ्या. कार्यक्रम झाल्यावर मागितलेल्या मान्यतेला वजन राहत नाही.

जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने नव्या नियमावलीचा मसुदा काढला होता. तो बघून कोणी सांगेल की आता हे कोर्स लागतच नाहीत. मसुद्यावर पदोन्नती होत नसते. लागू नियमावली आणि त्यावरचा शासन निर्णय हातात धरूनच आखणी करा.

---

सूक्ष्मपाठ_धुळे

सूक्ष्मअध्यापन घ्याच. पाच दिवसांत एकच गोष्ट नीट करायची म्हटली तर मी हीच निवडेन. व्याख्यान ऐकून शिकवण्याची सवय मोडत नाही, स्वतःचा सहा मिनिटांचा पाठ पाहिल्यावर मोडायला लागते.

बी.एड.ला वापरतात तेच एनसीईआरटीचं चक्र घ्या: पाठ 6 मिनिटं, प्रत्याभरण (फीडबॅक) 6, पुनर्नियोजन 12, पुनर्पाठ 6, पुन्हा प्रत्याभरण 6. एका माणसाला 36 मिनिटं. 24 जणांचे सहा-सहाचे चार गट करा, चार वर्गखोल्या घ्या. एकामागून एक घेतलं तर सहा जणांना 216 मिनिटं लागतात, म्हणजे जेवणाच्या आत उरकत नाही आणि शेवटच्या दोघांचा पुनर्पाठ हमखास गळतो.

त्यावर उपाय जोड्यांचा. 'अ' पाठ घेतो आणि प्रत्याभरण ऐकतो, 12 मिनिटं. मग तो बाहेर जाऊन पुनर्नियोजन करतो, तोवर 'ब'चा पाठ आणि प्रत्याभरण, 12 मिनिटं. 'अ' परत येऊन पुनर्पाठ घेतो, 12 मिनिटं, त्या वेळात 'ब' बाहेर. शेवटी 'ब'चा पुनर्पाठ, 12 मिनिटं. दोघांचं मिळून 48 मिनिटांत झालं. सहा जणांच्या तीन जोड्या, 144 मिनिटं. 10.30 ला सुरू केलं तर मध्ये दहा मिनिटांचा चहा धरूनही सव्वाच्या आत मोकळे. दुपारी दुसरं कौशल्य घेऊन तेच चक्र फिरवता येतं. बाकीचे चौघं विद्यार्थी म्हणून बसतात आणि निरीक्षणही तेच करतात. 28 जण आले तर सातवा माणूस वेळ सांभाळायला ठेवा आणि दुपारी अदलाबदल करा. घड्याळ एकाच्याच हाती हवं. सहाव्या मिनिटाला घंटी वाजली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं.

गट विषयवार करू नका, ही सगळ्यात मोठी चूक. भौतिकशास्त्राच्या गटात सगळे भौतिकशास्त्राचे बसले की समोरच्याला उत्तर आधीच माहीत असतं, म्हणून सगळं छान समजलं असं वाटतं. शिवाय प्रत्याभरणात चर्चा कौशल्यावर न होता आशयावर घसरते आणि सहा मिनिटं वादात जातात. भौतिकशास्त्राच्या माणसासमोर इतिहास, मराठी आणि अकाउंट्सचे लोक बसवा. त्यांना कळलं नाही की लगेच चेहऱ्यावर दिसतं.

कौशल्यं दोनच घ्या. सकाळी प्रश्न कौशल्य, दुपारी फलकलेखन किंवा स्पष्टीकरण. प्रबलन (शाबासकी देऊन उत्तेजन), चेतक बदल (आवाज, हालचाल, हावभाव बदलत राहणं) वगैरे पुढच्या खेपेला. सहा मिनिटांत एकच छोटी संकल्पना बसते. 'सेंद्रिय रसायनशास्त्राची ओळख' असा पाठ कोणी लिहून आणला तर आदल्या दिवशीच परत करा, 'मिथेनमध्ये कार्बनचे चार बंध का असतात' एवढाच घ्यायला सांगा.

प्रश्न कौशल्यात निरीक्षकाने तीनच गोष्टी टिपायच्या: किती प्रश्न विचारले, त्यातले किती 'हो-नाही' किंवा एका शब्दाचे होते, आणि प्रश्नानंतर किती सेकंद थांबले. तिसरी गोष्ट मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब होतात, अधिक मुलं बोलतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. फळ्यासमोर उभ्या माणसाला ते फार जड जातात आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. सवय लागेपर्यंत प्रश्न विचारून मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' मोजायला सांगा.

प्रत्याभरणाची शिस्त: आधी आकडे, मग एकच सुधारणा. 'फार सुंदर झाला पाठ' याने काही हलत नाही आणि सात सुधारणा सांगितल्या तर 12 मिनिटांत एकही होत नाही. 'आठ प्रश्न झाले, सहा एका शब्दाचे होते, थांबा सरासरी एक सेकंद. पुनर्पाठात चार प्रश्न घ्या, दोन 'का'चे.' एवढं पुरे.

चित्रीकरण मोबाइलवर करा, ट्रायपॉड नसेल तर बाकावर पुस्तकांची चळत. मोबाइल पाठ घेणाऱ्यापासून दोन मीटरच्या आत हवा, नाही तर पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. चित्रफीत फक्त त्या माणसाला द्या. ती व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली की दुसऱ्या सत्रात कोणी मोकळेपणाने उभं राहणार नाही.

---

तावडीपट्टा

प्रश्नपत्रिकेसाठी दिवस द्याच, पण 'ब्लूमची वर्गवारी' (विचाराच्या स्तरांची) यावर दोन तास व्याख्यान ठेवू नका. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती हे 2001 चे सुधारित सहा स्तर पंधरा मिनिटांत फळ्यावर होतात. उरलेला वेळ प्रत्येकाला स्वतःची प्रश्नपत्रिका घेऊन बसवा.

सकाळी: प्रत्येकाने मागच्या अंतर्गत चाचणीची स्वतः काढलेली प्रश्नपत्रिका आणायची. आडव्या ओळीत घटक, उभ्या स्तंभात स्तर, चौकोनात गुण, असा संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा, ब्लूप्रिंट) उलट्या बाजूने भरायचा. म्हणजे आधी तक्ता आणि मग प्रश्न असं न करता, आहे त्या प्रश्नपत्रिकेचा तक्ता काढायचा. बहुतेकांचे गुण पहिल्या दोन स्तंभांत जमा झालेले दिसतात. कोणी काही बोलायची गरज पडत नाही, तक्ताच दाखवतो.

मग प्रत्येकाने दोन प्रश्न वर न्यायचे. अर्थशास्त्राचं उदाहरण देतो. मूळ प्रश्न: 'मागणीची लवचिकता म्हणजे काय?' हे निव्वळ स्मरण. बदललेला: 'केळीचा भाव क्विंटलला 1,200 रुपयांवरून 1,500 झाला आणि एका व्यापाऱ्याची खरेदी 100 क्विंटलवरून 90 वर आली. मागणीची लवचिकता काढा आणि मागणी लवचीक आहे की अलवचीक ते सांगा.' भाव 25 टक्के वाढला, मागणी 10 टक्के घटली, लवचिकता 0.4, म्हणजे अलवचीक. हे उपयोजन झालं. त्याला जोडून, 'हे आकडे एका व्यापाऱ्याऐवजी सगळ्या बाजाराचे असते तर उत्तर कशाकशाने बदललं असतं?' हे विश्लेषण. रावेर-यावलच्या मुलाला केळीचा भाव सांगावा लागत नाही, तुमच्याकडे मिरची किंवा ऊस घ्या.

सावध राहायची जागा: प्रश्न लांब झाला म्हणजे वरच्या स्तरावर गेला असं नाही. वर्गात हेच उदाहरण याच आकड्यांनी सोडवून दाखवलेलं असेल तर तो पुन्हा स्मरणाचाच.

दुपारी: बहुपर्यायी प्रश्नांचं विश्लेषण. यासाठी खऱ्या उत्तरपत्रिका हव्यात. समजा वर्ग 74 जणांचा. एकूण गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावा, वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के वेगळे काढा, म्हणजे 20 आणि 20. एका प्रश्नाला वरच्या 20 पैकी 15 जणांनी बरोबर उत्तर दिलं, खालच्या 20 पैकी 7 जणांनी. काठिण्यमूल्य (एकूण किती जणांना जमलं) 22 भागिले 40, म्हणजे 0.55. विभेदनमूल्य (वरच्या आणि खालच्या गटातला फरक) 15 वजा 7, त्याला भागिले 20, म्हणजे 0.40. काठिण्यमूल्य 0.3 ते 0.7 च्या दरम्यान आणि विभेदनमूल्य 0.3 च्या वर असेल तर प्रश्न ठेवा. विभेदनमूल्य उणे आलं, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्च्यांचं बरोबर आलं, तर आधी उत्तरसूची तपासा. सूची बरोबर असेल तर बहुधा दोन पर्याय खरे ठरतील अशी वाक्यरचना झालेली असते आणि विचार करणारा मुलगाच त्यात अडकतो. असा प्रश्न सापडला की तो शिक्षक पुढे कधी घाईत पर्याय लिहीत नाही.

20-25 मुलांच्या वर्गाला 27 टक्क्यांचा नियम लावू नका, सहा-सात मुलांवरून आलेला आकडा फार हलतो. तिथे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा घ्या आणि निष्कर्ष हलक्या हाताने काढा.

---

सातपुडा_पायथा

मे नको. 44-45 अंशांत दुपारी अडीच ते साडेपाच कोणी शिकत नाही, वीज गेली तर तेवढंही नाही. शिवाय उन्हाळी परीक्षेचं पेपर तपासणीचं काम तेव्हाच असतं, त्यामुळे निम्मे लोक सह्या करून निघून जातील.

जूनमध्ये कॉलेज उघडताच घ्यावं असं पुढे कोणी सुचवेल. तुमच्या बाबतीत तेही चालणार नाही. 28 पैकी 16 जण तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांच्या नेमणुका बहुतेक ठिकाणी जूनमध्ये झालेल्याच नसतात. सगळ्यात जास्त तास तेच घेतात आणि शिकण्याची संधी सगळ्यात कमी त्यांनाच मिळते. ते नसतील तर हा कार्यक्रम 12 जणांच्या फायलीपुरता उरेल.

माझ्या मते पहिल्या सत्रातला अंतर्गत चाचण्यांचा आठवडा धरा, दिवाळीच्या बराच आधी. सकाळी 8 ते 10 चाचणी, 10.30 ते 5.30 कार्यक्रम, मध्ये एक तास जेवण. सहा तास भरतात. धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं दुपारच्या एसटीने परततात, त्यांचीही अडचण होत नाही. तासिका बुडत नाहीत कारण त्या आठवड्यात नियमित वेळापत्रकच नसतं. आणि तावडीपट्टा यांनी सांगितलेल्या विश्लेषणाला पहिल्या दोन दिवसांच्या ताज्या उत्तरपत्रिका हाताशी येतात. फक्त पहिल्या दोन दिवसांच्या चाचण्यांत बहुपर्यायी भाग राहील एवढं बघा, आणि प्रश्नपत्रिकांचा दिवस तिसरा ठेवा.

दिवाळीनंतरचा काळ तुमच्या भागात टाळा. ऊसतोडीला गुजरातकडे कुटुंबं निघाली की मुलंही जातात, वर्ग रिकामे पडतात, आणि नवं काही करून बघायला समोर विद्यार्थीच उरत नाहीत. पहिल्या सत्रात शिकलेलं पहिल्याच सत्रात वापरून झालं पाहिजे.

तासिकावाल्यांचं मानधन घेतलेल्या तासांवर असतं. कार्यक्रमामुळे त्यांचे तास बुडाले तर तुम्ही त्यांच्या खिशातून प्रशिक्षण घेताय. चाचणीच्या आठवड्यात ही अडचण बरीच कमी होते, तरी ज्यांचे तास जात असतील ते आधीच्या किंवा पुढच्या आठवड्यात लावून द्या आणि तसं लेखी ठेवा. प्रमाणपत्र सगळ्यांना एकच, वेगळा मजकूर नको.

भाषेबद्दल. एक अख्खं सत्र यावर द्या, निदान अडीच तासांचं. विज्ञान शाखेची मुलं पारिभाषिक शब्द इंग्रजीत ऐकतात, स्पष्टीकरण मराठीत ऐकतात आणि विचार अहिराणीत किंवा पावरीत करतात. तीन भाषांच्या तीन पायऱ्या आहेत, आणि आपण बहुतेक वेळा मधली पायरी आहे असं धरूनच चालतो. वनस्पतिशास्त्राच्या तासाला विचारलं, 'मातीतलं पाणी झाडात कसं जातं?' आणि मुलगी म्हणाली, 'मुळे पानी वढी लेतस.' हे उत्तर बरोबर आहे. 'शुद्ध बोल' म्हटलं की ती वर्षभर तोंड उघडत नाही. उत्तर तसंच घ्या, फळ्याच्या डाव्या बाजूला तिच्या शब्दांत लिहा, उजवीकडे 'परासरण' आणि 'ऑस्मोसिस'. मग पुढचा प्रश्न: 'वढी लेतस म्हणजे झाड जोर लावतं का? मुळाच्या पेशीत क्षार जास्त आहेत की मातीत?' इथून खरं शिकवणं सुरू होतं.

सत्रात प्रत्येकाने आपल्या एका घटकातले दहा शब्द निवडायचे आणि फळ्याचं डावं-उजवं असं नियोजन करून आणायचं. पावरी-मावची येणारे सहकारी किंवा तृतीय वर्षाचे विद्यार्थी त्या सत्राला बोलवा, तज्ज्ञ म्हणूनच बोलवा आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव तसंच छापा. शब्द गोळा करताना सरसकट 'आदिवासी बोली' असा एकच रकाना करू नका, भिली, पावरी आणि मावची वेगळ्या आहेत.

---

रंगावली_काठ

फार उपयोगाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. मे बाद केला. चाचणीचा आठवडा प्राचार्यांपुढे ठेवते.

दोन शंका. सूक्ष्मअध्यापनाला तयारीसह दोन दिवस, प्रश्नपत्रिकेला एक आणि भाषेला अर्धा धरला तर साडेतीन दिवस होतात. उरलेल्या दीड दिवसात आयसीटी (संगणक-इंटरनेट वापरून शिकवणं) घ्यावं का? आणि नंतर एकमेकांच्या वर्गात बसून निरीक्षण करायचं ठरवलं तर ज्येष्ठांच्या वर्गात कनिष्ठाने बसणं आमच्याकडे अवघड जाईल. त्याचं काय करावं?

---

सूक्ष्मपाठ_धुळे

मॅडम, आयसीटीला अर्धा दिवस द्या, तोही एकाच कामापुरता. स्वयं या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या कोर्सचे चार चतुर्थांश असतात: चित्रफीत, वाचनसामग्री, स्वयंचाचणी आणि चर्चेची जागा. प्रत्येकाने आपल्या एका घटकाची स्वयंचाचणी तयार करायची, दहा प्रश्न, प्रत्येक चुकीच्या पर्यायाला 'हे का चूक' असं एक वाक्य. चित्रफितीच्या नादी लागू नका, अर्ध्या दिवसात ना ध्वनी नीट होतो ना मांडणी. राहिलेला एक दिवस, म्हणजे पाचवा, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर 20 मिनिटांच्या पाठाला ठेवा. चाचणी संपल्यावर तासभर थांबणाऱ्या मुलांचे चार गट आदल्या दिवशी ठरवून घ्या, त्यांच्या नाश्त्याची सोय करा. एका खोलीत तासाला तीन पाठ होतात, चार खोल्यांत बारा. म्हणून निम्म्यांचेच पाठ प्रत्यक्ष होतील, बाकीचे निरीक्षक. पाठ कोणाचे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

निरीक्षणाबद्दल. जोड्या तुम्ही लावू नका, ज्याची त्याला निवडू द्या आणि निरीक्षण दोन्ही बाजूंनी ठेवा: कनिष्ठ ज्येष्ठाच्या वर्गात बसण्याआधी ज्येष्ठ त्याच्या वर्गात बसून आलेला असेल. दुसरं, निरीक्षक काय मोजणार हे पाठ घेणारा ठरवणार. 'माझे प्रश्न आणि थांबा मोज' किंवा 'मागच्या तीन बाकांवरून किती जण बोलले ते मोज'. मोजणी करायला सांगितली की मत देण्याचा प्रश्न येत नाही आणि संकोच निम्मा होतो. 25 मिनिटं बसायचं, त्याच दिवशी दहा मिनिटं बोलायचं. दुसऱ्या दिवसावर टाकलेलं बोलणं होत नाही. दर पंधरवड्याला एकदा, सहा आठवडे, म्हणजे प्रत्येकाच्या वर्गात तीन निरीक्षणं. फ्लँडर्सच्या (वर्गातल्या बोलण्याची नोंद करण्याच्या) पद्धतीने दर तीन सेकंदांनी नोंद वगैरे करायला लावू नका, ते संशोधनाचं काम आहे.

निरीक्षणाचा कागद पाठ घेणाऱ्याकडेच राहील. आयक्यूएसीकडे फक्त जोडी आणि तारीख. हा कागद गोपनीय अहवालात किंवा कॅसच्या फायलीत जाणार नाही, असं प्राचार्यांच्या सहीने आधीच जाहीर करा. ही एक ओळ नसेल तर लोक सर्वांत सोपा, पाठ झालेला तास निरीक्षणाला काढतील.

---

गिरणा_खोरे

ही निरीक्षणं 30 तासांत धरू नका आणि प्रमाणपत्रावर छापू नका. प्रमाणपत्र पाच दिवसांचंच, पाचव्या दिवशी द्यायचं. निरीक्षण पूर्ण होईपर्यंत प्रमाणपत्र अडवून ठेवलं तर एखाद्याची देय तारीख मध्येच निघून जाईल.

तारखांचा क्रम असा ठेवा. दीड महिना आधी देय तारखांचा तक्ता आणि विद्यापीठाला पत्र. महिनाभर आधी अंतर्गत चाचणीचं वेळापत्रक याच आठवड्यात बसवून घ्या. पंधरा दिवस आधी कार्यालयीन आदेश, सहभागींची यादी आणि तासिकांच्या अदलाबदलीचा कागद. आठ दिवस आधी सहा मिनिटांच्या पाठाची टाचणं मागवा, म्हणजे मोठे विषय परत करायला वेळ राहील. कार्यक्रमात हजेरी दिवसातून दोनदा, सकाळी आणि जेवणानंतर. संपल्यावर आठ दिवसांत अहवाल, हजेरीपत्रकं, प्रत्येकाचा संविधान तक्ता आणि स्वयंचाचणी एका फायलीत. छाननी समितीने विचारलं तर हीच फाईल पुढे ठेवायची, आणि नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) वेळी शोधाशोध करावी लागत नाही.